मुलीला फायटर पायलट होऊन पुढे एअर मार्शल व्हायचं आहे. ही वाट नेमकी कशी असते?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला फायटर पायलट व्हायचंय आणि पुढे 'हवाई दलात जनरल' व्हायचंय. वाटेत काय काय येतं, किती वर्षं लागतात आणि आत्तापासून काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत २८ वर्षं काढली आणि ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. मी वैमानिक नव्हतो, वैमानिकाच्या हाती विमान देणाऱ्यांपैकी होतो. पण पुढे मोठ्या पदांवर गेलेल्या काही जणांना, ते स्क्वाड्रन लीडर किंवा विंग कमांडर असताना, मी रोज पहाटे जवळून पाहिलंय. त्या भरवशावर लिहितो.

आधी नावाचं. जनरल भूदलात असतात, अमेरिकेच्या हवाई दलातही असतात. आपल्याकडे फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि शेवटी एअर चीफ मार्शल अशी चढण आहे. भूदलातल्या लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा तो एअर मार्शल. एअर चीफ मार्शल एकच, म्हणजे हवाई दल प्रमुख.

आता एक गोष्ट, जी बहुतेक पालकांना कोणी सांगत नाही: या वाटेवर जन्मतारीख फार मोलाची असते. एअर व्हाइस मार्शल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, एअर मार्शल ६० व्या वर्षी. प्रमुखाला ६२ वर्षं वय किंवा पदावरची तीन वर्षं, यातलं जे आधी येईल ते. त्यामुळे वर्दी कितव्या वर्षी अंगावर चढली, यावर शेवटचं दार उघडं राहतं की बंद होतं हे बरंचसं ठरून जातं.

आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचं उदाहरण घ्या. जन्म ४ सप्टेंबर १९६२. एनडीएतून (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) गेले आणि २९ डिसेंबर १९८२ ला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा वय वीस वर्षं आणि जेमतेम चार महिने. १ ऑगस्ट २०२० ला ते पश्चिम हवाई कमांडचे प्रमुख झाले, म्हणजे नोकरीची साडेसदतीस वर्षं झाल्यावर. १ जुलै २०२१ ला उपप्रमुख आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला प्रमुख. आता हाच हिशेब २४ व्या वर्षी कमिशन मिळालेल्या मुलासाठी करून बघा. साडेसदतीस वर्षं भरेपर्यंत तो साठी ओलांडून घरी बसलेला असेल. गुणवत्ता तीच असली तरी.

वरच्या टोकाला तर हिशेब महिन्यांवर येतो. भदौरिया सर ३० सप्टेंबर २०१९ ला प्रमुख झाले, त्याच दिवशी ते साठाव्या वर्षाच्या नियमानं उपप्रमुख पदावरून निवृत्त होणार होते. चौधरी सरांनंतर ३० सप्टेंबर २०२४ ला आलेले अमरप्रीत सिंग सर पुढच्याच महिन्यात साठ पूर्ण करणार होते. कर्तृत्वाबद्दल वाद नाही, दोघेही टेस्ट पायलट. पण ती जागा आणखी थोडी उशिरा रिकामी झाली असती, तर दोन्ही नावं यादीत दिसली नसती.

चौधरी सरांच्या कारकिर्दीतला आणखी एक आकडा मी तरुण मुलांना नेहमी सांगतो. त्यांचं उड्डाण ३८०० तासांहून अधिक. ३८०० ला २४ नं भागा: १५८ दिवस. जवळपास ४२ वर्षांच्या नोकरीत हवेत घालवलेला सगळा वेळ सहा महिन्यांपेक्षा कमी. त्यात सियाचीनचं ऑपरेशन मेघदूत आहे, कारगिलच्या वेळचं सफेद सागर आहे. मग बाकीची वर्षं कुठे गेली? ते 'ए' श्रेणीचे उड्डाण प्रशिक्षक होते. तामिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकले आणि तिथे शिकवलंही. झांबियाच्या स्टाफ कॉलेजात शिकवलं. लढाऊ स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) सांभाळली, तळ सांभाळला, हवाई दल अकादमीचे उपप्रमुख होते. मुख्यालयात अधिकाऱ्यांच्या बदल्या-बढत्यांचं खातं पाहिलं, राफेलच्या कामावर फ्रान्समध्ये देखरेख करणाऱ्या गटाचं नेतृत्व केलं. विमान चालवता येणं ही या वाटेची पहिली अट, पण वर नेतात ती ही जमिनीवरची कामं. हे तुमच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे पस्तिसाव्या वर्षी हातात फाइल आली तर तिला शिक्षा वाटणार नाही.

पहिला टप्पा एनडीए, खडकवासला. साडेसोळा ते साडेएकोणीस वय, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, वर्षातून दोनदा यूपीएससीची लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढच्या चाचण्या आणि मुलाखत. फ्लाइंगसाठी तिथे संगणकावरची एक वेगळी चाचणी असते, तिला सीपीएसएस म्हणतात. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की वैमानिक होण्याचा मार्ग कायमचा बंद. म्हणून ताप अंगावर घेऊन किंवा रात्रभर प्रवास करून त्या चाचणीला बसू नये. वैद्यकीय तपासणीत बसून असतानाची उंची, पायांची लांबीसुद्धा मोजतात, कारण कॉकपिटमध्ये मावायचं असतं. तीन वर्षं एनडीए, मग हैदराबादजवळ दुंडीगलची अकादमी. तिथे पिलॅटस या प्रशिक्षण विमानावर उड्डाण शिकायचं, आणि फायटरसाठी निवड झाली तर पुढे बीदरला हॉक हे जेट विमान.

एफकॅटच्या, म्हणजे हवाई दलाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेच्या जाहिराती तुम्हाला दिसतील. त्यातून फ्लाइंगला घेतात ते शॉर्ट सर्व्हिसवर, १४ वर्षांसाठी. उत्तम करिअर आहे. पण एअर मार्शल व्हायचं तर चौदा वर्षांत ती चढण निम्मीसुद्धा होत नाही.

स्क्वाड्रनमध्ये आल्यावर पहिली काही वर्षं बढतीचा विचार करायचं कारण नसतं. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर, हे परीक्षा-कोर्स वेळेवर केले तर मुदतीप्रमाणे मिळतं. खरी चाळण ग्रुप कॅप्टनपासून लागते. तिथून पुढे प्रत्येक पायरीला बोर्ड बसतं. बोर्डापुढे तुम्ही स्वतः नसता, असतो तो तुमचा कागद: दरवर्षीचे गोपनीय अहवाल, कोर्सचे निकाल, कुठे काय सांभाळलं याची नोंद. बाराव्या वर्षी कोणत्या सीओनं (स्क्वाड्रनच्या प्रमुखानं) काय लिहिलं, ते बाविसाव्या वर्षी कोणीतरी वाचत असतं.

म्हणून मी सांगेन की या सगळ्या प्रवासाचा गाभा म्हणजे स्क्वाड्रन सांभाळण्याची दीड-दोन वर्षं. मी पंजाबातल्या एका तळावर असताना आमचे जे सीओ होते, ते पुढे एअर व्हाइस मार्शल झाले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. जानेवारीची पहाट, धुकं इतकं की समोरच्या हँगरचे दिवेच तेवढे दिसायचे. उड्डाणाआधी वैमानिक फॉर्म ७०० वर सही करतो, म्हणजे हे विमान मी तपासून ताब्यात घेतलं. बहुतेक जण त्या दिवसाचं पान बघतात. सीओ मात्र हातमोजा काढून आठवडाभराची पानं मागे उलटायचे. एकदा डाव्या टायरवरच्या एका कापाची नोंद होती, 'मर्यादेत' असा शेराही होता. ते उठले, टॉर्च घेऊन ओल्या काँक्रीटवर गुडघा टेकला आणि शेजारी उभ्या असलेल्या सांगलीकडच्या कॉर्पोरलला विचारलं, "तू असतास तर गेला असतास?" पोरगा गडबडला. मग म्हणाला, "सर, आज बदलून घेतो." त्या दिवशी वरिष्ठांसमोर ठरलेल्या संख्येपेक्षा एक विमान कमी उडालं. फोनवर त्याचं उत्तर सीओंनी स्वतः दिलं. आमच्यापैकी कोणाचं नाव घेतलं नाही, टायरचं कारण पुढे केलं नाही. 'माझा निर्णय' एवढंच म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. त्यानंतर त्या स्क्वाड्रनमध्ये कोणी नोंद लपवल्याचं मला आठवत नाही.

या पदाचं ओझं काय असतं, याची जाहीर नोंद असलेली एक गोष्ट आहे. कारगिलच्या वेळी विंग कमांडर बी. एस. धनोआ १७ नंबर स्क्वाड्रनचे सीओ होते. २७ मे १९९९ ला त्यांच्या हाताखालचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा, पडलेल्या विमानातल्या सहकाऱ्याला शोधायला गेले आणि परत आले नाहीत. वीस वर्षांनी, मे २०१९ मध्ये, धनोआ हवाई दल प्रमुख होते. त्यांनी भिसियाना तळावरून स्वतः मिग-२१ उडवून आहुजांसाठी 'मिसिंग मॅन' रचनेचं, म्हणजे गेलेल्या सहकाऱ्याची जागा मोकळी ठेवून केलेल्या उड्डाणाचं नेतृत्व केलं. प्रमुखपदाचे चार तारे लागल्यानंतरही तो माणूस मनानं आपल्या स्क्वाड्रनचा सीओच होता. हे आठवलं की आजही गळा दाटून येतो.

स्क्वाड्रननंतरची वाट थोडक्यात सांगतो. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, तळाचं प्रमुखपद, दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, मग मुख्यालय किंवा कमांड. कमांड सात आहेत: दिल्ली, शिलाँग, प्रयागराज, गांधीनगर, तिरुअनंतपुरम, बंगळुरू आणि आपलं नागपूर. बंगळुरूची प्रशिक्षणाची आणि नागपूरची देखभालीची, बाकी पाच लढाऊ कामाच्या. प्रत्येकीच्या प्रमुखपदी एअर मार्शल. पगाराचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून आणि प्रमुखाचं २,५०,०००. चाळीस वर्षांत साडेचार पटही नाही. पैशासाठी या वाटेला कोणी येत नाही.

नशिबाचा भागही लपवू नये. माझ्या माहितीतला सगळ्यात सुरेख उडवणारा वैमानिक ग्रुप कॅप्टनच्या पुढे गेला नाही. विमानात बिघाड झाला, त्यानं इजेक्ट केलं, जीव वाचला. पण इजेक्शनच्या झटक्यात पाठीचे मणके दबतात. मेडिकल कॅटेगरी खाली आली, ज्या वर्षांत स्क्वाड्रन हाती यायची ती वर्षं उपचारात गेली. पुढे त्यानं सिम्युलेटरवर शेकडो मुलं घडवली. मला विचाराल तर हवाई दलाला त्याचा उपयोग कुठल्याही एअर मार्शलइतकाच झाला.

आणि मुलगी म्हणून विचारताय, तर खरं सांगतो. हवाई दलात महिला एअर मार्शल झाल्या आहेत. डॉ. पद्मा बंदोपाध्याय पहिल्या, पण त्या वैद्यकीय शाखेच्या. पहिल्या तीन महिला फायटर पायलट जून २०१६ मध्ये कमिशन झाल्या. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग. म्हणजे फायटरमधून एअर मार्शल झालेली महिला अजून कोणी नाही, असणारच नाही, तेवढी वर्षंच झालेली नाहीत. एनडीएचं दार मुलींना उघडलं ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. विसाव्या-एकविसाव्या वर्षी कमिशन मिळण्याची जी सोय चौधरी सरांना होती, ती तुमच्या मुलीच्या पिढीला आता मिळाली आहे. वर दिलेला हिशेब तिलाही तसाच लागू पडतो. मला याचा मनापासून आनंद होतो. माझ्या नोकरीच्या काळात हे प्रश्नपत्रिकेवरसुद्धा नव्हतं.

आत्ता काय करायचं? मॅथ्स आणि फिजिक्स पक्कं करा. एसएसबीला इंग्रजीत मोकळं बोलता आलं पाहिजे, त्यासाठी घरी रोज बातमीवर दहा मिनिटं बोलायला लावा. डोळे आणि कान एकदा चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर धक्का बसणार नाही. संभाजीनगरला मुलांची एसपीआय (एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला सुरू झाली आहे. पण तिथे प्रवेश दहावीनंतर असतो, त्यामुळे तुमच्या घरात धाकटं कोणी असेल तर त्यांच्यासाठी लक्षात ठेवा. मुलीनं मात्र बारावीत असतानाच पहिला अर्ज भरावा. वयोमर्यादा संपेपर्यंत लेखी परीक्षेच्या आणखी दोन-तीन संधी मिळतील, सीपीएसएसची मात्र ती एकच.