‘पळून गेली’ की ‘बेपत्ता’?

कुडाळच्या एका वाचकाने विचारलंय: पेपरात ‘तरुणी बेपत्ता’ छापतात, वाडीत मात्र ‘चेडू पळान गेला’ म्हणतात. अर्थ एकच ना?

नाही, आणि हा फरक जिवावर बेतू शकतो. ‘बेपत्ता’मधला ‘बे’ फारसीतला नकार, ‘बेवारस’मधला. ठावठिकाणा लागत नाही, एवढंच हा शब्द सांगतो. ती गेली की तिला नेलं, जिवंत आहे की नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. ‘पळून गेली’ म्हणताच सगळं ठरून जातं: मर्जी तिची, बेत तिचा, दोषही तिचाच. मग शोधायला कोण जाणार?

‘पळणे’चं प्रयोजक रूप ‘पळवणे’. मध्ये एक ‘व’ आला की कर्ता बदलतो आणि नेणारा कोण हे विचारावंच लागतं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोलीस ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ असा गुन्हा नोंदवतात. सज्ञान असेल तर बहुधा नुसती ‘मिसिंग’ची नोंद होते.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं शिरोडा (वेंगुर्ल्याचं वेगळं) आठवा. तिथला महानंद नाईक २००९ साली पकडला गेला. १९९४ पासून १६ बायकांचे खून केल्याचा त्याच्यावर आरोप होता. सगळे खटले टिकले नाहीत, पण जन्मठेप झाली. बायका बहुतेक गरीब घरच्या, लग्नाचं वय उलटत चाललेल्या. लग्नाचं आमिष दाखवायचं, अंगावर दागिने घालून यायला सांगायचं, आणि तिच्याच ओढणीने गळा आवळायचा. कित्येक घरांत समज असा की पोरीने कुठेतरी लग्न केलं असेल. ‘पळून गेली’ या दोन शब्दांनी त्याचीच पाठराखण केली, असं मला ठामपणे वाटतं.

मुलीने स्वतः कळवलं असेल, तर ‘पळून जाऊन लग्न केलं’ म्हणायला हरकत नाही. तोवर वाडीतही, पोलीस ठाण्यातही ‘बेपत्ता’च म्हणावं. शेजाऱ्यांनी काहीही म्हटलं तरी.

‘हरवली’ आपण जत्रेत चुकलेल्या पोरीला किंवा विस्मरण झालेल्या आजीला म्हणतो. तरण्या बाईला सहसा कोणी म्हणत नाही. म्हणायला हवं, कारण हरवलेल्या माणसाला लोक शोधतात. ‘फरार’ मात्र आरोपीचा शब्द, तो बेपत्ता बाईला कधीही लावू नये.