ख्रिस्ती माणसाने चर्चला न जाता घरीच भक्ती केली तर चालत नाही का?

चालतं की. तीन वर्षं मी चालवलं.

तुम्ही लिहिलंय, घरी बायबल वाचता, रविवारी यूट्यूबवर उपासना बघता आणि चर्चमधल्या राजकारणाचा वीट आलाय. वीट मलाही आला होता. इथं कोल्हापुरात आमच्या मंडळीत (कुठली ते सांगत नाही) छपराच्या पत्र्यांचा हिशेब लागेना. मी भर सभेत खजिनदाराला विचारलं, त्यानं उलट माझ्या वडिलांचं जुनं काहीतरी काढलं. मी घरी आलो तो आलोच. पंधरा वर्षं उपासनेत पेटी वाजवायचो, तीही बंद.

सुरुवातीला मस्त वाटलं. संदेश आपल्या पसंतीचा, कंटाळा आला की पुढं सरकवायचा. पंचांची तोंडं बघायला नकोत. मग एकदा लेक म्हणाली, "पप्पा, तुम्ही रोज ३५वं स्तोत्रच का वाचता?" वैऱ्यांशी तू लढ म्हणणारं ते. म्हणजे रोज संध्याकाळी मी देवापुढं बसून एका खजिनदाराची चहाडी करत होतो आणि त्याला भक्ती म्हणत होतो. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडायची ओळ आली की भरभर पुढं जायचो. त्या प्रार्थनेत सगळं 'आमच्या' आणि 'आम्हांस' आहे, 'माझ्या' एकदाही नाही, हे लहानपणापासून पाठ असून कधी टोचलं नव्हतं.

डिसेंबरात एका रात्री तोच खजिनदार स्कूटरवर दारात. म्हणाला, "हिशेबाचं मागनं भांडू. पोरं काळी पाचात गाणं उचलत्यात, म्हाताऱ्यांचं गळं फाटाय लागल्यात. चल, पेटीवर बस." मी चहासुद्धा विचारला नाही, बायकोनं दिला. पण गेलो. नाताळच्या गाण्यांच्या फेरीत टेम्पोत त्याच्याच शेजारी, पेटी मांडीवर, पट्टी काळी दोन. पत्र्यांचा हिशेब अजून लागलेला नाही. खर्चावर आता दोघांच्या सह्या घेतात, एवढं झालं.

पुण्याचा माझा थोरला भाऊ म्हणतो, धर्म आतला असतो, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनीसुद्धा मिशन सोडलंच होतं. सोडलं, १९१७ मध्ये. पण टिळक काय दार लावून बसले का? त्याच वर्षी साताऱ्यात 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. अर्धीच गोष्ट सांगायची दादाची जुनी खोड.

आणि आमच्या घरानं तरी हे बोलू नये. १८५२ ला अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले. पुढं इथं जे ख्रिस्ती झाले त्यांतल्या कितीतरी जणांशी भावकीनं सोयरीक तोडली, पाणी तोडलं. आमचे पणजोबा त्यांतलेच. मयताला खांदा द्यायला मंडळीच होती. त्यांतले सगळे त्यांना आवडत होते असं थोडंच आहे! बायबलातल्या करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनाला एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. प्रेषित पौलानं पत्रातून खरपूस झापलं, आणि सांगितलं काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. यूट्यूबसमोर कुणासाठी थांबणार?

हां, एक राहिलं. अंथरुणाला खिळलेला माणूस किंवा ज्याला रविवारीच एमआयडीसीत पाळी असते, त्याला मोबाईलवरची उपासना हाच आधार आहे, त्याला मी बोलत नाही. आणि पाळकानं किंवा पंचांनी खरोखर छळलं असेल तर तिथं मुळीच थांबू नका, दुसरी मंडळी बघा, चार घरांची असली तरी. तुमचं प्रकरण यातलं कुठलं ते प्रश्नावरून कळलं नाही.

दादा, हे वाचत असशील तर तुझा तबला-डग्गा माझ्याकडंच आहे. डग्ग्याची वादी तेवढी बदलावी लागेल.