जपानी शाळेतला निरोप: भाषण थोडं, बाकीची तयारी जास्त

ताई, तुम्ही विचारलंय की ओकायामातल्या प्राथमिक शाळेतला दहा दिवसांचा मुक्काम शुक्रवारी संपतोय, निरोपाचा कार्यक्रम आहे, मनोगत काय मांडू आणि भेट काय देऊ. काही वर्षांपूर्वी मी अशाच दौऱ्यावर त्याच भागात होतो. तेव्हा ज्या चुका केल्या त्या सांगतो, तेवढ्या तरी तुमच्या वाचतील.

भाषणापासून सुरू करू. आपल्याकडे ‘दोन शब्द’ म्हणजे पाऊण तास, हे मुरलेलं असतं. तिथे दुभाषी वाक्यामागून वाक्य सांगणार, म्हणजे तुमची चार मिनिटं आठ होणार. पोरं जिमच्या लाकडी फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असतात आणि नोव्हेंबरअखेर ती फरशी गार पडते. मी सहा मिनिटं बोललो. पहिलीची रांग चुळबुळायला लागली तेव्हा माझं मलाच कळलं. तुम्ही दोन मिनिटांचं लिहा आणि दुभाष्याला आदल्या दिवशीच देऊन ठेवा.

‘भारत-जपान मैत्री’वर फार वेळ घालवू नका, ते त्यांचे मुख्याध्यापक बोलतीलच. फार तर पुण्यात सिंहगड रस्त्याला ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली बाग आहे, तिला आम्ही पु. ल. देशपांडे उद्यान म्हणतो, एवढं सांगा. कोराकुएन त्यांच्या गावची, त्यामुळे मुलं कान टवकारतात. आणि ‘तुमच्याकडे सगळं छान, आमच्याकडे काही नाही’ हा सूर अजिबात नको. ऐकणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं, आणि ते खरंही नाही. त्याऐवजी तिथे पाहिलेली एकच गोष्ट घ्या. मी जेवणाच्या वाढपाची घेतली होती. पांढऱ्या टोप्या घातलेली चौथीची मुलं वर्गात सूप वाढत होती. एका मुलीने माझ्या वाटीत जरा जास्त ओतलं, मग शेवटच्या मुलाला कमी पडेल म्हणून माझ्याकडे बघितलं. मी वाटी पुढे केली, तिने पळीभर परत काढून घेतलं. एवढंच सांगितलं, आणि अख्खा हॉल हसला.

शेवटचं वाक्य जपानीत म्हणा. सायोनारा आपल्याला येतंच, मुलंही शाळा सुटताना म्हणतात. पण मला आवडतं ते ‘इत्तेकिमास’. घरातून बाहेर पडताना म्हणतात, शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. आपणही उंबऱ्यात ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतो. पाहुण्याने निरोप घेताना ते म्हणायची रीत नाही, म्हणून तर मजा येते. मी म्हटल्यावर क्षणभर शांतता, मग अडीचशे पोरांनी एका सुरात ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे ‘जाऊन या’. शिक्षकांसाठी वेगळं वाक्य ठेवा: ‘ओसेवानी नारिमाशिता’. आपल्या ‘तुम्ही माझं खूप केलंत’च्या अगदी जवळचं.

आता भेट. मी शेंगदाण्याची चिक्की नेली होती, वर्गात वाटायला. वर्गशिक्षिका डोकं किंचित कलवून ‘चोत्तो...’ म्हणाल्या आणि थांबल्या. चोत्तो म्हणजे ‘जरा’. पण वाक्य तिथेच थांबलं की समजायचं, नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी तिथे फार गंभीरपणे घेतात. चिक्की शेवटी शिक्षकांच्या खोलीत गेली आणि दुपारपर्यंत संपली. मुलांना खाऊ नकोच. त्यांच्या नावांचं देवनागरीत लिहिलेलं कार्ड द्या. एका वर्गाची नावं तासाभरात होतात, आणि आपलं नाव डोक्यावर रेघ ओढून लटकलेलं बघून मुलं हरखतात. शिक्षकांसाठी खाऊ नेणार असाल तर सुटा बांधलेला असू द्या, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येतो.

आभारात मुख्याध्यापक असतातच. उपमुख्याध्यापक, ज्यांना तिथे क्योतो-सेन्सेई म्हणतात, त्यांना विसरू नका, तुमचं वेळापत्रक बहुधा त्यांनीच जुळवलंय. स्वयंपाकघरातल्या बायका आणि शाळेची डागडुजी करणारे काका कार्यक्रमाला नसतात. त्यांच्याकडे सकाळीच जाऊन या. मी गेलो नाही, ते अजून खुपतं.

तुम्हाला बहुतेक एक चौकोनी जाड पुठ्ठा मिळेल, ज्यावर सगळ्यांनी गोलाकार निरोप लिहिलेले असतात. तो हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका, कोपरे मोडतात. फुलांचा गुच्छ विमानात नेता येईल या भ्रमात राहू नका; ज्यांच्या घरी उतरला आहात त्यांच्या टेबलावर शोभेल. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो आपल्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी क्योतो-सेन्सेईंना विचारा.

परत आल्यावर पत्र पाठवणार असाल तर मार्चच्या आत पोहोचेल असं बघा. एप्रिलमध्ये तिथे नवं वर्ष सुरू होतं, सहावीची मुलं दुसऱ्या शाळेत जातात आणि सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्याही तेव्हाच बदल्या होतात. ऑनलाइन तास ठरवायचा झाला तर आपले साडेदहा म्हणजे त्यांचे दुपारचे दोन, तेव्हा ती मुलं अजून शाळेत असतात.

आणि त्या दिवशी लेसचे बूट घालू नका. आतल्या चपला काढून दारात बूट चढवताना माझ्या एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात तो पुठ्ठा, समोर निम्मी शाळा हात हलवत उभी. मी खाली बसून गाठ मारत होतो आणि ती पोरं काही केल्या हात खाली घेईनात. शेवटी तिसरीतला एक जण आला, माझा गुच्छ धरून उभा राहिला, दोन्ही लेस बांधून होईपर्यंत.