बंदिस्त तीनचाकी हायब्रिड स्कूटर मराठवाड्यात कारला पर्याय होईल का?

तुमची अडचण अशी: परभणीहून जिंतूर रोडला नोकरी, जाऊन-येऊन रोज ४० किमी, एकटेच. सध्या मोटारसायकल आहे, पण ऊन, पाऊस आणि फुफाट्यानं जीव नकोसा झालाय. कारचा खर्च झेपत नाही. परदेशात छत-काचांच्या तीनचाकी हायब्रिड (म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेल्या) स्कूटर असतात असं पाहिलंत, आणि तशी इकडे मिळाली तर घ्यावी का, असं विचारताय.

मी संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत रिक्षाचे पार्ट करणाऱ्या एका लहान कारखान्यात अकरा वर्षं काढली. आता परभणीतच स्पेअरचं दुकान आहे. आयुष्य तीन चाकांवरच चाललंय, म्हणून बोलतो. माझं मत असं की छत घ्या, दारं घेऊ नका आणि 'हायब्रिड' या शब्दासाठी खिशातून जास्तीचा रुपया काढू नका.

दारांचं आधी सांगतो, कारण ते मी स्वतः भोगलंय. वाळूजला आमच्यातल्या एकाची घरची रिक्षा होती. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाणी आत येतं म्हणून त्यानं फॅब्रिकेशनवाल्याकडून पाइपच्या चौकटी करून त्यात पारदर्शक अॅक्रिलिकचे पत्रे बसवले. जुलै-ऑगस्ट झकास गेला. बाहेर झड लागलेली आणि आम्ही आत कोरडे, चहा पीत बसलेलो. दिवाळीनंतर दारं काढायची राहिली. मार्चच्या शेवटी एक दिवस दुपारी दोनला आम्ही त्यातून शहरात निघालो, तर वाळूजजवळच्याच पंढरपूर गावच्या तिठ्याला सिग्नल लागला. तिथं दोन मिनिटं थांबलो असू. मागं बसलेला एकजण ओरडला, "भाऊ, ही रिक्षा हाय का चुलाण? शिजायलो की मी!" दुसऱ्या दिवशी दारं निघाली.

काचेतून ऊन आत येतं, तापलेली हवा बाहेर जात नाही, आणि सीटखाली इंजिन वेगळंच धगधगत असतं. युरोपात बंदिस्त गाडी म्हणजे थंडी-पावसापासून आडोसा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, तेव्हा तीच गाडी भट्टी होते. मग एसी लावा म्हणाल. १२५ सीसीचं इंजिन सहा-सात किलोवॅट ताकद देणार, त्यातली दीड-दोन एसीच खाणार. म्हणून इंजिन मोठं, त्यासाठी चासी जड, त्यासाठी ब्रेक मोठे, आणि हे करता करता तुम्ही कारच्याच किमतीला जाऊन पोचता.

गंमत म्हणजे ज्यांनी अशा गाड्या बनवल्या, त्यांनीही बहुतेकदा बाजू उघड्याच ठेवल्या. होंडाची जायरो कॅनोपी जपानात १९९० पासून आहे. तीन चाकं, वर छप्पर, पुढं मोठी काच, मागं डबा, आणि दोन्ही बाजू मोकळ्या. पिझ्झा पोचवणारे ती वापरतात. बीएमडब्ल्यूनं २००० साली सी-१ नावाची दुचाकी काढली, तिला छप्पर होतं, सीट बेल्ट होता, पण दार नव्हतं. दोनेक वर्षांत ती बंदही झाली. पूर्ण बंद आणि वळणावर झुकणारी म्हणजे टोयोटाची आय-रोड, २०१३ ची. ती पूर्ण विजेवरची, आणि चाचण्यांच्या पलीकडे ती दुकानात आली नाही. तुम्हाला हवी ती हायब्रिड तीनचाकी म्हणजे पियाजिओची एमपी-३ हायब्रिड, २००९ ची. पुढं दोन चाकं, १२५ सीसी इंजिन, सोबत विजेची मोटर, घरच्या प्लगवर चार्जिंग. मात्र तिला छतच नाही! छत, तीन चाकं आणि हायब्रिड हे तिन्ही एका गाडीत शोधायला गेलात तर शोधतच राहाल.

आता हायब्रिड. ब्रेक दाबताना जी ताकद वाया जाते ती बॅटरीत साठवायची आणि गाडी उचलताना वापरायची, हा त्यातला मुख्य फायदा. पुण्या-मुंबईच्या सिग्नलांना तो दिसतो. जिंतूर रोडला तुम्ही एकदा पन्नास-पंचावन्नला लागलात की ब्रेक कधी लावता? गाव आलं तर, म्हशी आडव्या आल्या तर, नाहीतर खड्डा दिसला तर. एवढ्यातून कितीशी वीज जमणार? उलट बॅटरी-मोटरचं वजन मात्र दिवसभर ओढायचं. आपल्याकडे यामाहाची फॅसिनो १२५ हायब्रिड म्हणून विकली जाते. तिची मोटर गाडी जागेवरून उचलताना थोडा वेळ हातभार लावते, नुसत्या बॅटरीवर ती चालत नाही. वाईट गाडी नाही, पण 'हायब्रिड' ऐकून लोक अर्ध्या पेट्रोलची स्वप्नं बघायला लागतात.

पेट्रोलचा हिशेब तर आपल्या परभणीकरांना शिकवायलाच नको. २०१८ आणि २०२१ च्या दरवाढीत राज्यातलं सर्वात महाग पेट्रोल म्हणून रोज आपलंच नाव बातमीत. कारण काय, तर टँकर तीनेकशे किमीवरून, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून येणार. महिन्याचे २५ दिवस धरले तर तुमचे १००० किमी होतात. ५० चं अॅव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलला २० लिटर लागतं, २० चं देणाऱ्या कारला ५० लिटर. लिटरला १०५ रुपये धरा. फरक ३,१५० रुपयांचा. तुमचा खरा प्रश्न एवढ्या रकमेचा आहे, तंत्रज्ञानाचा नाही.

तिसऱ्या चाकाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की चाक वाढलं म्हणजे गाडी पडायची नाही. पुढं एक आणि मागं दोन चाकं असली की टेकू त्रिकोणाचा होतो. वळताना ब्रेक दाबलात की सगळा भार पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे जातो, आणि नेमकं तिथंच चाक नसतं. जुना रिक्षावाला म्हणूनच वळणाच्या आधी वेग कमी करतो, वळणात नाही. पुढं दोन चाकं असली की हा धोका बराच कमी होतो, आणि गाडी झुकणारी असेल तर आणखी कमी. पण झुकणाऱ्या गाडीच्या पुढच्या जोडणीत सांधे, बुश, थांबल्यावर लॉक करायची यंत्रणा, किती तरी जास्तीच्या वस्तू. ते सगळं तुमच्या गावात कोण उघडणार? माझ्या दुकानात तरी तो माल नसेल.

आणि खड्ड्यांचं गणित ब्रोशरमध्ये कोणी छापत नाही. दुचाकीची चाकोरी एकच, दोन खड्ड्यांमधून वाकडी-तिकडी काढता येते. कारच्या चाकोऱ्या दोन. तीनचाकीच्या तीन! डावं चुकवावं तर मधलं आदळतं, मधलं चुकवावं तर उजवं. पाणंदीवर तर मधलं चाक बरोबर मधल्या उंचवट्यावरून चालतं. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये कशी भरते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मोटारसायकलला थांबून काडीनं एवढा चिखल काढावा लागतो, तिथं तीन ठिकाणी काढा. वर हलकी, उंच, बंद पेटी म्हणजे समोरून एसटी सुसाट गेली की वाऱ्याचा झटका बसणारच.

समृद्धी महामार्गावर दुचाकी-तीनचाकींना बंदी आहे, हेही ध्यानात ठेवा. आज तुमचा जिंतूर रोडच आहे, पण कधी जालन्याहून पुढं निघालात तर जुनाच रस्ता धरावा लागेल.

तुमच्या कल्पनेच्या सर्वात जवळची गाडी खरं तर आपल्या मराठवाड्यातच बनली. वाळूजची बजाज क्यूट. २१६ सीसी, चार चाकं, बंद, ताशी ७० किमीची मर्यादा, कंपनीचा दावा लिटरला ३५ किमी. २०१२ मध्ये आरई-६० नावानं दाखवली, क्वाड्रिसायकल, म्हणजे कारपेक्षा हलकी चारचाकी, हा प्रकार कायद्यात बसून ती इथं विक्रीला येईपर्यंत २०१९ उजाडलं. इथल्या लोकांनी ती फारशी घेतली नाही. २०१९ मध्ये तिची किंमत २ लाख ४८ हजार होती, एसी नव्हता, आणि तेवढ्यात जुनी अल्टो येत होती. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेच्या २०१६ च्या क्रॅश चाचणीत तिला एकच तारा मिळाला, हेही खरं. तरी मला वाईट वाटतं. एकट्या माणसाच्या रोजच्या ४० किमीसाठी हजार किलो लोखंड कशाला ओढायचं, हा तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण आपल्याकडे गाडी नोकरीसाठी घेतली तरी ठरते लग्नाला किती माणसं नेता येतील त्यावर. आमच्या घरी तरी असंच झालं.

मग तुम्ही काय करावं? माझ्या हिशेबानं, नुसत्या छताची गाडी इथं मिळत नसेल आणि घरी पार्किंगपाशी प्लग असेल तर खरी १०० किमी चालणारी विजेची स्कूटर घ्या आणि तिला मोठी विंडशील्ड बसवा. लोडशेडिंग असलं तरी रात्रीत चार्ज होते. पावसाला चांगला दोन तुकड्यांचा रेनकोट, उन्हाला पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हेल्मेटखाली ओलं उपरणं. कंबर-मणक्याचा त्रास असेल किंवा सोबत लेकरू असेल, तर मात्र एसी चालू असलेली आठ-दहा वर्षांची लहान कार बघा. एप्रिल ते सप्टेंबर ती वापरा, बाकी सहा महिने मोटारसायकल. वरचे ३,१५० रुपये मग वर्षातले सहाच महिने लागतील. विमा-सर्व्हिसिंग वेगळं धरा. सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुन्या गाडीवाला जुन्याच भावाला अडून बसला तर सरळ उठा.

अॅक्रिलिकची ती दोन दारं आमच्या मित्रानं जपून ठेवली होती. वाळूज सोडताना मला देऊन टाकली. आज ती माझ्या काउंटरवर आडवी बसवलीत, खाली बेअरिंगचे भाव लिहिलेले कागद सरकवलेत. दुकानावर आलात तर दाखवतो.