‘नोकरदार आई’ आणि ‘कामाला जाणारी आई’

प्रश्न असा आहे : ‘वर्किंग मदर’ला मराठीत ‘नोकरदार आई’ म्हणतात. माझी आई चार घरी स्वयंपाक करते. तिला नोकरदार आई म्हणता येईल का? शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात बाईंनी परस्पर ‘गृहिणी’ लिहून टाकलं. ते बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. साफ चूक. बाईंचा हेतू बहुधा चांगलाच असेल, आईचं काम झाकावं असा. पण ते झाकण्यासारखं आहे हे ठरवलं कोणी?

आता पहिला प्रश्न. नोकर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याच्याही मागे मंगोल भाषेतला सोबती, साथीदार अशा अर्थाचा शब्द आहे. मराठीत आल्यावर त्याच्या घरातच उच्चनीच झालं. नोकर ठेवतात, नोकरी लागते आणि स्थळ नोकरदार बघतात. नोकर खाली राहिला, नोकरदार वर जाऊन बसला. महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन चार घरी राबणारी आई व्याकरणाने नोकरदारच ठरते, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ऑफिसची बॅग घेतलेली बाई येते. म्हणून तो शब्द तिच्यासाठी वापरला की लोक क्षणभर थबकतात.

खरा भेद मात्र नामात नाही, क्रियापदात आहे. जरा कान देऊन ऐका. ‘ती बँकेत आहे.’ या वाक्यात काम हा शब्दच नाही, नुसतं असणं पुरतं. ‘ती नोकरी करते’ ही त्याखालची पायरी. मग ‘ती कामावर जाते’, हे कारखान्यातलीला. सगळ्यात शेवटी ‘ती कामाला जाते’. आणि अगदीच खाली ‘लोकांची धुणीभांडी करते’. हुद्दा जितका मोठा तितकं वाक्यातलं काम कमी दिसतं, आणि जिथे अंग मोडून काम आहे तिथे ते एकेक करून मोजून दाखवलं जातं. ‘लोकांची’ हा शब्द तर मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. बँकेतलीसुद्धा लोकांचेच पैसे मोजते, पण ‘लोकांचे पैसे मोजते’ असं तिच्याबद्दल कोणी म्हणत नाही.

‘बाई’ या शब्दाचंही असंच. शाळेतल्या बाई ‘आल्या’ आणि भांड्यांची बाई ‘आली’. शब्द तोच, मान सगळा क्रियापदाच्या शेपटीला. ‘बाई आज आल्या नाहीत’ आणि ‘बाई आज आली नाही’ ही वाक्यं नुसती कानावर पडली तरी कोण आलं नाही हे कळतं. यावर तोडगा म्हणून हल्ली मावशी, ताई म्हणतात. ऐकायला गोड आहे. फक्त मावशीने पगारवाढ मागितली की घरातलं माणूस पैशाचं बोलायला लागलं अशी कुरबुर सुरू होते, म्हणून मला तो तोडगा अर्धवट वाटतो.

मोलकरीण हा शब्द आज बोचतो, पण बांधणीने तो निर्दोष आहे : मोल घेऊन काम करणारी. ‘मोलाचा सल्ला’मधलं मोल तेच. सल्ला चढला, मोलकरीण उतरली. आता संघटना ‘घरकामगार’ म्हणतात. कायद्याने मात्र 2008 साली ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ’ असं नाव दिलं. ‘घरकामगार’ असा सुटसुटीत शब्द असताना हिंदी वळणाच्या ‘घरेलू’चं प्रयोजन काय, कोण जाणे.

उलट दिशेची गंमतही आहे. अंगणवाडी सेविकेला सेविका म्हणायचं आणि तिच्या पगाराला मानधन. दोन्ही शब्द कसे उजळ! पण सेवा म्हटली की हक्क मागणं शोभत नाही आणि मानधन म्हटलं की तो पगार ठरत नाही. या सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे हे मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल यावा लागला. गोड शब्दांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

ऑफिसात जाणारी आई यातून सुटते असं नाही. तिला ‘नोकरी सांभाळून मुलांचं सगळं बघते’ हे कौतुक, किंवा ‘तिला काय, करिअर करायचंय’ हा टोमणा. कामाला जाणारीला यातलं काहीच नाही, तिच्या वाट्याला ‘बिचारी’. बापाबद्दल ‘नोकरी सांभाळून मुलांचं बघतो’ हे वाक्य कोणी सहजी उच्चारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्त्रियांबद्दलच्या साचेबंद शब्दांवर एक पुस्तिका काढली, तिच्यात ‘करिअर वुमन’ऐवजी नुसतं ‘वुमन’ म्हणा असं सुचवलं आहे. मला ते पटतं.

तर मग ‘वर्किंग मदर’ला काय म्हणावं? माझं मत ‘कमावती आई’ला. काम आणि कमावणं या दोन्हींच्या मुळाशी कर्मच आहे. बँकेतली, शिलाई मशीनवरची, भाजी विकणारी, स्वयंपाकाची, सगळ्या त्यात बसतात. ‘कमावता मुलगा’ आपण मानानेच म्हणतो, त्यामुळे या शब्दाला खालच्या पायरीचा वास नाही. ‘कामकरी आई’ही चालेल, पण ते थोडं सभेतल्या भाषणासारखं वाटतं. शिवाय घरात विनामोबदला राबणारीही कामकरीच, त्यामुळे नेमका फरक सांगायचा असेल तिथे त्या शब्दाचा उपयोग होत नाही.

आणि फॉर्म. रकाना ‘व्यवसाय’ विचारतो. तिथे ‘स्वयंपाककाम’ किंवा ‘घरकामगार’ असं सरळ लिहा. बाईंनी ‘गृहिणी’ लिहिलं असेल तर दुरुस्त करून मागा, वडिलांच्या रकान्यात चूक झाली असती तर मागितली असती तशीच.