क्लाइंबिंग आणि डायव्हिंग एकाच ट्रिपमध्ये जमतं का? जमतं, पण आधी पाणी आणि मग कातळ

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत दोघांना मिळून 10 दिवस सुट्टी आहे, दोघंही सह्याद्रीत क्लाइंब करता, दोघांकडे ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट आहे, तर थायलंडमध्ये फी फी बेटावर एक दिवस क्लाइंबिंग एक दिवस डायव्हिंग असं आलटून पालटून करता येईल का. बेट बरोबर निवडताय आणि महिनाही अगदी बरोबर आहे, पण ते आलटून पालटून मात्र कृपा करून करू नका, कारण आम्ही नेमकं तेच केलं होतं.

मी आणि नवरा पहिल्यांदा गेलो तेव्हा फी फीवरच मुक्काम होता. एक दिवस तिथल्या तोनसाय टॉवर या कड्यावर क्लाइंबिंग, दुसऱ्या दिवशी दोन डाइव्ह, असं ठरवलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी डाइव्ह करून आलो आणि माझा उजवा खांदा आतून ठणकायला लागला. आता हा खांदा कालच्या ओव्हरहँगने (बाहेर झुकलेल्या कड्याने) धरलाय की डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे डायव्हिंगनंतर शरीरात बुडबुडे होऊन होणारा त्रास आहे हे कसं ओळखणार? सांधा दुखणं हे त्याचंही लक्षणच आहे ना. डाइव्ह शॉपवाल्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, डॉक्टरकडे नेलं, फुकेतला त्यावर उपचार करणाऱ्या दाबाच्या चेंबरला पाठवायचं का यावर चर्चा झाली, नवरा रात्रभर माझ्या उशाशी बसून होता. शेवटी निघाला स्नायूच, पण पुढचे दोन दिवस पाण्यात जायला मनाई झाली आणि ती मनाई बरोबरच होती.

त्यानंतर आम्ही कायम आधी डायव्हिंग उरकतो, मधे एक पूर्ण दिवस सोडतो आणि मग क्लाइंबिंग. कारण असं की खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर हळूहळू बाहेर पडत असतो, त्या वेळात ताकदीचं काम केलं तर बुडबुड्यांचा धोका वाढतो. शिवाय बरेच डाइव्ह झाल्यावर विमानात बसायच्या आधी किमान 18 तास थांबायचं असतं, बरेच जण 24 धरतात, आणि शेवटी क्लाइंबिंग ठेवलं की हे तास आपोआप निघून जातात, सुट्टीचा एक दिवस हॉटेलात वाया जात नाही. उलट क्रम लावला तर बोटांची सालटी निघालेली असतात आणि खाऱ्या पाण्यात ती जी झोंबतात ते विचारू नका. आणि रोज डायव्हिंग असताना बोटांची कातडी मऊ पडते, तशा बोटांनी चुनखडकाचे धारदार होल्ड धरवत नाहीत, ती घट्ट व्हायलाही एक दिवस लागतोच.

म्हणजे मुंबईहून फुकेत, तिथून फेरीने साधारण दोन तासात फी फी, तीन दिवस डायव्हिंग, पाचव्या दिवशी फेरीने रेलेला, आणि मग चार दिवस क्लाइंबिंग. रेले खरं तर बेट नाही, मुख्य भूमीलाच जोडलेलं आहे पण मधे कडे एवढे उभे आहेत की बोटीशिवाय जाता येत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा सीझन, नंतर नैऋत्य मोसमी वारे त्या किनाऱ्यालाही झोडपतात.

फी फीला बिडा नोक आणि बिडा नाय चुकवू नका, फी फी लेच्या दक्षिणेला दोन खडक आहेत, वाळूवर ठिपक्यांचा लेपर्ड शार्क निवांत पडलेला असतो, कधी ब्लॅकटिप शार्क फिरताना दिसतात. किंग क्रूझर नावाची फेरी 1997 मध्ये अॅनिमोन रीफवर आपटून बुडाली, ते जहाज 30 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ओपन वॉटरची 18 मीटरची मर्यादा धरली तर तुमच्यासाठी नाही, त्यासाठी आधी अॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करा. सनस्क्रीन बघून घ्या, कोरलला मारणारी चार रसायनं असलेली सनस्क्रीन थायलंडच्या मरीन पार्कमध्ये 2021 पासून बंद आहेत.

आता रेले. आपल्याला बेसॉल्टची सवय, तिथे सगळा चुनखडक, छतातून लोंबणारे खांब दोन्ही हातांनी मिठी मारून चढायचे, पहिल्या दिवशी मला पाय कुठे ठेवू तेच कळत नव्हतं. सुरुवात वन टू थ्री वॉलवर करा, सोपे रूट आहेत, रूट किती अवघड ते सांगणारे ग्रेड फ्रेंच पद्धतीचे असतात. ती भिंत पूर्वेकडे आहे म्हणून दुपारनंतर सावलीत येते, आणि तोनसायच्या भिंती सकाळी सावलीत असतात, त्या दमट हवेत सावली हेच सगळं आहे. (फी फीच्या गावालाही तोनसायच म्हणतात, बोट ठरवताना गोंधळ होतो.) रेले वेस्टवरून तोनसायला ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं, भरतीला जंगलातली वाट.

बोल्टबद्दल, म्हणजे दोर अडकवायला कातळात बसवलेल्या खिळ्यांबद्दल मात्र नीट वाचा. समुद्राचं मीठ आणि चुनखडक मिळून साध्या स्टेनलेस स्टीलला आतून तडे पाडतात, वरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि वजन पडल्यावर तुटू शकतो. म्हणून तिथे आता टायटॅनियमचे बोल्ट भोकात चिकटवून बसवतात. कुठल्या रूटवर नवे बोल्ट आहेत हे तिथल्या क्लाइंबिंग शॉपमध्ये विचारल्याशिवाय लीड करू नका, म्हणजे दोर बोल्टला अडकवत पहिलं चढू नका, कितीही सोपा रूट असला तरी.

आणि दोघं जाताय म्हणून सांगते. माझं वजन 51, नवऱ्याचं 78, तो लीड करताना पडला की मी बिले करता करता (खालून दोर सांभाळताना) उचलली जाऊन पहिल्या क्विकड्रॉला, म्हणजे बोल्टला दोर जोडणाऱ्या कडीला धडकायचे. पहिल्या बोल्टला लावून रोपचं घर्षण वाढवणारं एक डिव्हाइस मिळतं, तुमच्या वजनात एवढा फरक असेल तर इथूनच घेऊन जा. पाण्यात त्याचा टँक माझ्याआधी संपतो, म्हणून वर कधी यायचं ते त्याच्या हवेच्या गेजवर ठरतं, माझ्या नाही, आणि यावर मी कधीच वाद घालत नाही. अजून एक, कातळावर अंगठा वर केला की सगळं ठीक, पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ वर चला. पहिल्याच डाइव्हला त्याने मला सवयीने अंगठा दाखवला, मला वाटलं त्याला काहीतरी होतंय आणि मी त्याचा हात धरून वर यायला लागले, पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपची, म्हणजे वर येण्याआधी थांबायची तीन मिनिटं थांबलो तेव्हा पाटीवर लिहून उलगडा झाला. आता आम्ही बोटीवरच बसून सगळ्या खुणा एकदा करून बघतो, तुम्हीही करा.

इन्शुरन्स काढताना पॉलिसीत रोप लावून क्लाइंबिंग आणि 18 मीटरपर्यंत डायव्हिंग हे दोन्ही शब्दात लिहिलंय का ते बघा, नुसतं ट्रॅव्हल इन्शुरन्स लिहिलं असेल तर दोन्ही वगळलेलं असू शकतं.