नाशिकमध्ये दुपारी तीनच्या क्रिकेट शिबिरानंतर दमा असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा खोकला रात्री वाढतो. मैदान गावाबाहेर आहे आणि हवेच्या गुणवत्तेच्या ॲपवर ‘मध्यम’ दिसतं. ओझोनमुळे असेल का? मास्क लावावा का?

ओझोनमुळे असू शकतं. मास्कचा मात्र उपयोग नाही. एन-९५ धुळीचे कण अडवतो. ओझोन वायू आहे, तो आरपार जातो. शिवाय पळताना तेरा वर्षांचा मुलगा तोंडावर मास्क ठेवेल, हेही विसरा.

मी डॉक्टर नाही, नाशिकमध्येच रसायनशास्त्र शिकवतो. शाळेत शिकलेला ‘चांगला’ ओझोन वीस-तीस किलोमीटर उंचीवर असतो. जमिनीलगतचा ओझोन हवेतच तयार होतो: वाहनं आणि कारखान्यांच्या धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं, पेट्रोल-रंग-थिनरच्या वाफा आणि वरून कडक ऊन. म्हणून मे महिन्यातली दुपार, साधारण एक ते पाच, ही त्याची वेळ. तुमचं शिबिर तीनला सुरू होतं, म्हणजे नेमकं त्याच वेळेत.

गंमत अशी की द्वारका चौकात ऐन ट्रॅफिकमध्ये ओझोन कमी भरू शकतो. ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड त्याला संपवून टाकतो. तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर मोकळ्यावर गेली की तिथे तो वाढतो. त्यामुळे ‘मैदान गावाबाहेर आहे, हवा चांगलीच असणार’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. ओझोनमुळे द्राक्षाच्या पानांवर बारीक काळपट ठिपके पडतात, हे कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकातच लक्षात आलं होतं. (आपल्याकडच्या प्रत्येक ठिपक्याचं खापर ओझोनवर फोडू नका, बागायतदार मला गाठतील.)

हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, त्यामुळे नाका-घशात सगळा अडकत नाही, खोल बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतो. तिथल्या अस्तराला सूज येते. खोल श्वास घेताना छातीत दुखतं, खोकला येतो, श्वास पुरता भरत नाही. पळताना आपण तोंडाने आणि भराभर श्वास घेतो, म्हणजे मात्राही जास्त. दमेकऱ्यांच्या नलिका त्यानंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवशीही, हुळहुळ्या राहतात. एरवी चालून जाणारी धूळसुद्धा मग सोसत नाही. रात्री उसळणारा खोकला यात बसतो. पण नुसत्या पळण्यानेही दमा उठतो, तेव्हा निदान डॉक्टरांवर सोडा.

ॲपवर ‘मध्यम’ दिसतं त्यावर जाऊ नका. त्यातला धुळीचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो, दुपारचे दोन-तीन तास त्यात दिसत नाहीत. ओझोनचा तासागणिक आकडा वेगळा उघडून पाहा. आपल्याकडची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला १०० आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे.

प्रशिक्षकांशी बोलून सराव सकाळी साडेसहाला घ्यायला लावा. खरा उपाय हाच, आणि उन्हाच्या दृष्टीने बाकीच्या पोरांनाही तो बरा. तसं जमेपर्यंत दुपारी पळापळीऐवजी नेटमध्ये थोडी फलंदाजी करू दे. रोजचा प्रतिबंधक इनहेलर ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवू देऊ नका आणि लगेच आराम देणारा किटबॅगेत ठेवा. दुपारी घरी खिडक्या बंद ठेवल्या तर आत ओझोन बराच कमी राहतो. फक्त ‘हवा शुद्ध करणारं’ म्हणून ओझोन सोडणारं यंत्र कुणी गळ्यात मारत असेल, तर ते घरात आणू नका.